उभ्या गाडीची बॅटरी आणि घरचा चार्जर

साशंक: गाडीच्या बॅटरीसाठी घरात चार्जर हवाच कशाला, हा माझा पहिला प्रश्न. आपण पावण्यात राहतो. ठाणे-बेलापूर रस्ता उशाशी आहे, भोवताली एमआयडीसी आहे, तुर्भ्याच्या बाजार समितीकडे रात्रंदिवस ट्रक येतात. जिथे ट्रक तिथे बॅटरीवाला असतोच. बॅटरी बसली तर एक फोन केला की तो जम्पर केबल घेऊन येतो आणि गाडी सुरू करून देतो. बॅटरी मेलीच असेल तर जुनी घेऊन नवी बसवतो, जुनीचे पैसे वजा करतो. शिवाय एका बऱ्यापैकी चार्जरची किंमत आणि छोट्या गाडीच्या नव्या बॅटरीची किंमत यांत फारसं अंतर उरलेलं नाही. बॅटरी ही टायरसारखी झिजणारीच वस्तू आहे. तिचं आयुष्य थोडं वाढावं म्हणून तेवढ्याच किमतीचं यंत्र घ्यायचं, ते जपायचं, ते कसं लावायचं हे शिकायचं, हा हिशेब मला जमत नाही. गाडी चालवायला घेतलेली असते. चालली की अल्टरनेटर बॅटरी भरतो. कंपनीने ही सोय गाडीतच दिलेली आहे.

उत्साही: काका, रोज गाडी काढणाऱ्याच्या बाबतीत तुमचं म्हणणं मी पूर्ण मान्य करते. रोज पाऊण तास गाडी हाकणाऱ्याने चार्जर घेऊ नये. पण आपल्या भागातल्या गाड्या बघा. ठाणे-वाशी लोकल २००४ साली सुरू झाली, तेव्हापासून कितीतरी माणसं तुर्भे नाहीतर कोपरखैरणे स्टेशनवरून कामाला जातात. बाकीच्यांना कंपनीची बस आहे. गाडी सोमवार ते शनिवार खाली उभी असते. रविवारी वाशीपर्यंत जाते आणि गणपतीत कोकणात. म्हणजे आपल्याकडची गाडी मुख्यतः उभी राहते, आणि उभ्या गाडीतही वीज खर्च होतच असते. सेंट्रल लॉक, अलार्म, घड्याळ, आतले छोटे कॉम्प्युटर, सगळ्यांना थोडी थोडी लागते. धडधाकट गाडीतही हा खर्च २० ते ५० मिलिअँपिअर असतो. ५० धरा. चोवीस तासांत १.२ अँपिअर-तास गेले. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. सहा दिवसांत सातच्या वर गेले, महिन्याभरात सगळी रिकामी. २०२० च्या टाळेबंदीत हेच झालं. मार्चअखेर उभ्या केलेल्या गाड्या लोकांनी काही आठवड्यांनी काढायला घेतल्या, तेव्हा किल्ली फिरवल्यावर नुसता टकटक आवाज येत होता. बॅटरीवाला त्या दिवसांत कुठे फोनवर मिळत होता?

साशंक: टाळेबंदीवरून रोजच्या आयुष्याचे नियम बांधता येत नाहीत. आणि आठवडाभर उभी राहिलेली गाडी रविवारी चालतेच ना? सेल्फ मारताना काय खर्च होईल तो होईल, वाशीला जाऊन येईपर्यंत भरून निघेल. ज्याला तेही जमत नाही त्याने रोज संध्याकाळी दहा मिनिटं इंजिन सुरू ठेवावं. माझ्या ओळखीचे निम्मे लोक हेच करतात.

उत्साही: तेच चुकतं. सगळ्यांना वाटतं सेल्फ बॅटरी खातो. सेल्फ दीडशे-दोनशे अँपिअर ओढतो हे खरं, पण दोन सेकंदच. हिशेब केला तर अँपिअर-तासाचा जेमतेम दहावा भाग होतो, गाडी पहिल्या सिग्नलला पोचेपर्यंत तो परत येतो. बॅटरी रिकामी होते ती आठवडाभराच्या उभं राहण्याने. ते सात अँपिअर-तास वीस मिनिटांत परत येत नाहीत. शिशाची बॅटरी सुरुवातीला भराभर वीज घेते, पण ऐंशी टक्क्यांच्या पुढे हळूहळूच घेते. शेवटचा भाग भरायला तिला तास लागतात, मग अल्टरनेटर कितीही जोरदार असो. तो भाग दर आठवड्याला कोरडाच राहिला तर प्लेटांवर लेड सल्फेटचा थर घट्ट होत जातो. आज ऐंशी टक्के, पुढच्या महिन्यात पंच्याहत्तर, आणि एक दिवस सकाळी गाडी निघत नाही. आपण म्हणतो, अचानक बसली. ती अचानक बसलेली नसते. संध्याकाळी दहा मिनिटं इंजिन सुरू ठेवणं हे तर पेट्रोल जाळून धूर करणं आहे. चार्जर जी गोष्ट देतो ती वेग नव्हे. तो वेळ देतो, रात्रीचे आठ-दहा तास, नेमक्या व्होल्टेजवर. अर्धी रिकामी बॅटरी भरायला वीज किती लागते? अर्ध्या युनिटपेक्षाही कमी.

साशंक: बरं, उभं राहण्यानेच रिकामी होते असं धरू. मग उपाय चार्जर का? दहा नंबरचा पाना घ्या, मायनसचं टर्मिनल सैल करा आणि काढून ठेवा. खर्च शून्य. गळती शून्य. गावी जाताना मी हेच करतो आणि परत आल्यावर गाडी पहिल्या सेल्फला उठते. दुसरं सांगतो, ते जास्त महत्त्वाचं आहे. तू सल्फेटचं सांगितलंस, पण आपल्याकडे बॅटरी मारते ती उष्णता. तापमान दहा अंशांनी वाढलं की आतल्या रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. प्लेटांच्या जाळ्या गंजतात, पाणी उडतं. बॉनेटखालची उष्णता आणि आपला मे महिना, दोन्ही मिळून बॅटरी संपवतात. त्या गंजाला चार्जर काहीही करू शकत नाही. चार्जरची ही सगळी भाषा थंड मुलुखातून आलेली आहे. तिथे बर्फात गाडी सुरू होत नाही म्हणून माणूस रात्रभर चार्जर लावतो. कित्येक चार्जरवर हिमकणाचं चित्र असलेलं बटण असतं. पावण्यात ते बटण कोणासाठी आहे?

उत्साही: पाना चांगला उपाय आहे आणि महिनाभर गावी जाणाऱ्याला मी तोच सांगेन. पण दर रविवारी रात्री टर्मिनल काढणं आणि दर शनिवारी लावणं कोण करतं? ते काढलं की अलार्म बंद, घड्याळ शून्यावर, काही गाड्यांत काचांची सेटिंग पुसली जाते, काहींत मागचा दरवाजाच विजेशिवाय उघडत नाही. आणि सुटी ठेवलेली बॅटरीही आपोआप उतरते, उन्हाळ्यात जास्त भराभर.

उष्णतेचं मात्र तुमचं अगदी खरं आहे, आणि चार्जर निवडताना पहिला प्रश्न म्हणूनच त्यावरून यायला हवा. लोक अँपिअर विचारतात. दुकानदारही दहा अँपिअरचा पुढे करतो, लवकर भरेल म्हणतो. ३५ च्या बॅटरीला तिच्या दहाव्या हिश्शाचा, म्हणजे साडेतीन-चार अँपिअरचा चार्जर पुरतो. मोठ्या डिझेल गाडीची ७० ची बॅटरी असेल तर पाच-सात. त्याहून मोठा घेऊन घरी काही मिळत नाही, बॅटरी तेवढी तापते. विचारायचं आहे ते व्होल्टेजचं. भरताना तो किती व्होल्टपर्यंत नेतो, आणि भरल्यावर किती व्होल्टवर थांबतो? नेहमीच्या बॅटरीला भरताना १४.४ च्या आसपास, आणि भरून झाल्यावर १३.५ ते १३.८. हे आकडे २५ अंश तापमान धरून दिलेले असतात. त्यापुढे दर अंशाला साधारण २० मिलिव्होल्ट कमी करायला हवेत. पार्किंगमध्ये ३५ अंश असतील तर ०.२ व्होल्ट कमी. ज्या चार्जरला तापमान कळतं तो हे स्वतः करतो. तुम्ही म्हणता ते हिमकणाचं बटण १४.७ व्होल्ट देतं. ते थंडीसाठी आणि एजीएम बॅटरीसाठी आहे. पावण्यातल्या साध्या बॅटरीला ते लावू नये, एवढं मी तुमच्याच बाजूने बोलते. पण ज्या गाडीचं इंजिन सिग्नलला आपोआप बंद होऊन परत सुरू होतं तिच्यात एजीएम किंवा ईएफबी जातीची बॅटरी असते, तेव्हा बॅटरीवरचं लेबल वाचूनच बटण निवडायचं.

(इथे एक खुलासा लिहिणाऱ्याकडून. हल्ली दुकानात ‘गाडीचा चार्जर’ मागितला की समोरचा विजेवर चालणाऱ्या गाडीसाठी भिंतीवर बसवायचा चार्जर दाखवतो. इथे चाललेली चर्चा १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीची आहे. ती विजेच्या गाडीतही असते, आणि ती बसली तर खालची मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. गास्तों प्लांते या फ्रेंच संशोधकाने १८५९ साली शिशाची बॅटरी बनवली. त्या रसायनावाचून आजही बहुतेक गाड्या निघत नाहीत, म्हणून या प्रश्नाकडे जुनाट म्हणून बघू नये.)

साशंक: व्होल्टेजचं सांगितलंस, आता मला कारखान्याचं सांगू दे. इथल्याच एमआयडीसीत माझी नोकरी झाली. फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या चार्ज करायला वेगळी खोली होती. भिंतीला एक्झॉस्ट पंखे, दारावर विडी-सिगारेट मना, कोपऱ्यात डोळे धुवायला नळ, हातमोजे आणि चष्म्याशिवाय प्रवेश नाही. हे सगळं उगाच नव्हतं. भरत आलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि हवेत तो चार टक्के झाला की ठिणगी पुरते. कारखाना ज्या कामाला एवढं जपतो ते काम तू लोकांना जिन्याखाली करायला सांगतेस. तिथेच लहान मुलं सायकली लावतात, तिथेच कोणीतरी पेट्रोलची बाटली ठेवतो. आणि घरात येणारा चार्जर बहुतेक वेळा कुठला असतो? जुन्या गॅरेजमधला ट्रान्सफॉर्मरवाला, वर काटा आणि आत एक डायोड. त्याला थांबणं माहीतच नाही. बॅटरी भरली की त्याचं व्होल्टेज १६ च्या वर चढतं. माणूस झोपलेला असतो आणि आत अ‍ॅसिड उकळत असतं.

उत्साही: तो ट्रान्सफॉर्मरवाला घरात नकोच. यावर आपलं एकमत आहे, आणि निवडीतला हा सगळ्यांत ठाम नियम मी मानते. भरल्यावर स्वतः मागे न येणारा चार्जर कितीही स्वस्त मिळाला तरी घरी आणायचा नाही. हायड्रोजनचा हिशेब मात्र करू. भरलेल्या बॅटरीत एक अँपिअर-तास वीज जादा गेली तर सहा कप्प्यांतून मिळून अडीच लिटर हायड्रोजन निघतो. चार अँपिअरचा अडाणी चार्जर रात्रभर तसाच लावला तर तासाला दहा लिटर. बॉनेट बंद असेल तर तेवढा नक्कीच धोक्याचा. पण १३.६ वर मागे आलेला चार्जर भरलेल्या बॅटरीत काही मिलिअँपिअरच सोडतो, आणि खांबांवरची पार्किंग चारी बाजूंनी उघडी असते. बॉनेट उघडं ठेवायचं. आधी लाल चिमटा प्लसला, मग काळा चिमटा बॅटरीपासून दूर गाडीच्या लोखंडाला, आणि सगळ्यात शेवटी भिंतीवरचं बटण. काढताना उलट क्रम, बटण आधी. ठिणगी पडलीच तर ती बॅटरीपासून दूर पडते. नव्या गाड्यांत काळा चिमटा लोखंडालाच लावायचं आणखी एक कारण आहे. मायनसच्या टर्मिनलवर बॅटरीवर नजर ठेवणारा सेन्सर असतो, चिमटा थेट तिथे लावला तर त्याचा हिशेब चुकतो. कारखान्याचे नियम घरी आणायला हवेत हे तुमचं बरोबर. पण ते पाळता येण्यासारखे आहेत.

साशंक: पाळता येतील, पण वीज कुठे आहे? पावणे गावठाणात गाडी गल्लीत उभी असते. वाशी-कोपरखैरण्यातल्या सोसायट्यांत पार्किंग आहे, पण खांबावर प्लग नाही, आणि असला तर तो सोसायटीच्या मीटरवर. मग माणूस काय करतो? दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडतो. जून ते सप्टेंबर इथे काय पाऊस असतो ते तुला सांगायला नको. ओल्या गल्लीत २३० व्होल्टची वायर, तिच्यावरून दुचाकी जातायत. नाहीतर बॅटरी काढून वर न्यायची. नऊ-दहा किलोचं ओझं, लिफ्टमध्ये अ‍ॅसिड सांडलं तर वेगळं भांडण. तुझा चार्जर उत्तम असेल, पण गाडीपर्यंत पोचतच नाही.

उत्साही: हा मला सगळ्यांत अवघड आक्षेप वाटतो, आणि कुठल्याही माहितीपत्रकात त्याचं उत्तर नसतं. माझं उत्तर अपुरं आहे, पण सांगते. २३० व्होल्टची वायर खाली सोडायचीच नाही. चार्जर वर, कोरड्या जागी ठेवायचा आणि १२ व्होल्टची बाजू लांबवायची. तोटा असा की वायरमध्ये व्होल्टेज पडतं. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर दहा मीटर नेली, जाऊन-येऊन वीस मीटर, तर पाच अँपिअरला १.२ व्होल्ट वायरीतच जातात. पण बॅटरी भरत येते तसा प्रवाह कमी होतो, तशी ही पडही कमी होते. शेवटी बॅटरीला हवं ते व्होल्टेज मिळतं, वेळ थोडा जास्त लागतो. एक अट आहे. बॅटरीच्या अगदी जवळ, प्लसच्या वायरीत, फ्यूज हवा. नाहीतर वायर दारात चेमटली तर शॉर्ट होईल आणि बॅटरी स्वतःच शेकडो अँपिअर त्यात ओतेल. उघड्या गल्लीत ऊन मिळत असेल तर १० वॅटचं छोटं सोलर पॅनल दिवसाकाठी दोन-अडीच अँपिअर-तास देऊ शकतं, म्हणजे गळतीपेक्षा जास्त. पावसाळ्यात मात्र त्याच्यावर विसंबता येत नाही, आणि छताखालच्या गाडीला ते निरुपयोगी. वीज जाऊन परत आली तर चार्जर आधीच्याच कामाला लागतो की बटण दाबेपर्यंत गप्प बसतो, हेही घेतानाच विचारावं. महावितरणची वीज रात्री दोन मिनिटं गेली आणि सकाळी बॅटरी तशीच, असं व्हायला नको.

साशंक: तुझ्या बोलण्यातून माझी शंका थोडी सरकली, गेली नाही. आता ती अशी आहे. चार्जर आजार लपवतो. बॅटरीचा एक कप्पा मरत असेल, किंवा कोणीतरी बाहेरून बसवलेला कॅमेरा नाहीतर म्युझिक सिस्टिम रात्रभर वीज ओढत असेल, तर चार्जर नसलेल्या माणसाला दोन आठवड्यांत कळतं. चार्जरवाला दर शनिवारी रात्री भरतो आणि रविवारी गाडी उठते. त्याला वाटतं सगळं ठीक आहे. आणि एका रात्री माळशेजच्या घाटात, जिथे ना प्लग ना बॅटरीवाला, ती बसते. काही चार्जरमध्ये ‘रिपेअर’ नावाचं बटण असतं, ते १६ व्होल्टच्या जवळ नेतं. मेलेल्याला जिवंत करण्याचा दावा. बॅटरी गाडीला जोडलेली असताना कोणी ते दाबलं तर गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सचं काय? उलट बॅटरी खरंच खोल उतरली असेल तर तुझा हुशार चार्जर तिला ओळखतच नाही, नुसता लाल दिवा दाखवतो.

उत्साही: रिपेअरचं बटण बॅटरी गाडीतून सोडवल्याशिवाय दाबायचं नाही, आणि मी तर ते बटण नसलेलाच चार्जर सुचवेन. लाल दिव्याचं खरं आहे. पण मला तो दोष वाटत नाही. पार उतरलेल्या बॅटरीत वीज घालायला नकार देणं हा तिच्याबद्दलचा इशाराच आहे. आजार लपतो हे मात्र मला खोडता येत नाही. माझा आग्रह एवढाच, की आजार कळायलाही चार्जर लागतो. बॅटरी पूर्ण भरल्याशिवाय ती वीज धरते की नाही हे तपासता येत नाही. अर्धवट भरलेल्या बॅटरीवर चाचणी खोटी पडू शकते. बॅटरीवाला दोन मिनिटांत ‘गेली’ म्हणतो, आणि कित्येकदा ती नुसती उपाशी असते. आपण चांगली बॅटरी भंगारात देतो. आणि त्या जुन्या बॅटरीत शिसं असतं. ती परत गोळा करण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे हे ठीक, पण जी अजून दोन वर्षं चालली असती ती भंगारात जाणंच मुळात चूक.

साशंक: मग चार्जर एकेका घरात नको, इमारतीत एक पुरे. तळमजल्यावर एक प्लग, त्याला वेगळा मीटर आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी, आणि पाच अँपिअरचा एक चार्जर सगळ्यांत मिळून. ज्याची पाळी त्याने लावावा. माझा आक्षेप यंत्राला कमी आणि प्रत्येकाने ते विकत घेण्याला जास्त आहे.

उत्साही: आणि पाळी नेमकी लग्नाच्या आदल्या रात्री दोघांची आली तर? सामाईक वस्तूचे चिमटे कोण साफ करतं, उलटे कोण लावतं, तुटल्यावर कोण भरतं? काका, सोसायटीची बैठक चार्जरवर होईल आणि बॅटरी तशीच राहील. प्लग सामाईक असावा, चार्जर ज्याचा त्याचा. यावर आपलं जुळणार नाही.

साशंक: नाही जुळलं तरी चालेल. पण दोघांच्याही म्हणण्याआधी एक काम आहे, ते वाचणाऱ्याने या आठवड्यात करून बघावं. साधा मल्टिमीटर घ्यावा, चार्जरपेक्षा तो कितीतरी स्वस्त. बॅटरी कुठूनही पूर्ण भरून आणावी, रात्रभर तिला शांत ठेवावं आणि सकाळी दोन टर्मिनलांवर मोजावं. १२.६ किंवा वर असेल तर भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. मग मायनस काढून दोन दिवस ठेवावी आणि पुन्हा मोजावं. सुटी असतानाच आकडा घसरला तर बॅटरी गेली, चार्जर घेऊ नये. सुटी असताना टिकला आणि जोडल्यावर दोन दिवसांत घसरला तर गाडीत गळती आहे, इलेक्ट्रिशियनकडे जावं. दोन्ही वेळा टिकला आणि शनिवारपर्यंत १२.४ च्या खाली आला, तर गाडी फक्त उभी राहते आहे. तू सांगतेस तो चार्जर अशाच गाडीसाठी आहे.

उत्साही: आणि तो साडेतीन ते पाच अँपिअरचा असावा, भरल्यावर स्वतः १३.६ च्या आसपास मागे येणारा.